निळं पाणी

एप्रिलात ओल येते का कोणाच्या भिंतीला?
बाहेर पंचेचाळीस,
दोरीवरची चादर चिमटा लावेतो वाळते,
आणि आमच्या हॉलमध्ये
किल्ल्यांच्या स्टँडखाली
पोळीएवढा काळपट डाग.
हात लावला की गार, पोपडा बोटाला चिकटतो.

मी पेन्सिलीने भोवती रेघ मारली. तारीख टाकली.
सहा. नऊ. तेराला रेघ स्विचबोर्डाजवळ.
सकाळी सातला गडद, दुपारी फिका,
पुन्हा सकाळी गडद.
वर बारापात्र्यांचा कूलर रात्रभर चालतो.
याहून जास्त काय पाहायचं?

जिन्यातच म्हणाले मी त्यांना, सगळ्यांसमोर.
शरयूताई काही बोलल्या नाहीत,
मला वर घेऊन गेल्या.
कूलरखाली परात ठेवलेली, कोरडी ठाक.
मी म्हटलं, नीळ टाकून पाहू.
"टाका न जी," म्हणाल्या.

अर्धी बाटली ओतली.
कूलरच्या टाकीत, न्हाणीत, बेसिनमध्ये.
त्यांची गवताची ताटी निळी झाली,
म्हाताऱ्या सासूबाईंच्या टाचा निळ्या झाल्या,
माझी भिंत होती तशीच.
मी म्हटलं, विटा रंग गाळून घेत असतील.

मग ते तुमसरला लग्नाला गेले. पाच दिवस.
कूलर बंद, मेन कॉक बंद, दाराला कुलूप.
सकाळी सातला डाग गडद.
मी म्हटलं, मागचं पाणी झिरपत असेल.
नवरा कोराडीहून रात्रपाळी करून आलेला,
मोजे काढता काढता म्हणाला,
"सातला आपला नळ येते, एवढंच सांगतो."
आणि झोपला.

देवानंद शेंडे आला, सातच्या ठोक्याला.
भिंतीकडे पाह्यलंच नाही त्याने.
घरातले सगळे नळ बंद करवले,
मला बाहेर मीटरपाशी उकिडवं बसवलं.
आत कुठे थेंब नाही,
आणि काचेखाली ती इवलीशी लाल चांदणी
फिरून राह्यली, सावकाश,
जात्यावर कोणी म्हातारी बसल्यासारखी.
"मीटर कोणाचं हाये, ताई?"
मीटर आमचं.

भिंतीला कान लावत लावत तो स्टँडपाशी थांबला.
"हा खिळा कोणी ठोकला?"

बारा वर्षं झाली. हातोडी नव्हती घरात,
खलबत्त्याच्या दस्त्याने ठोकला होता मी.
अर्ध्यावर अडला, वाकतो की काय वाटलं,
आणि मग एकदम मऊ लागलं,
गेला आत सर्रकन.
केवढा आनंद झाला होता.

प्लास्टर निघालं.
पांढऱ्या पाइपात खिळा तसाच,
त्यानेच भोक पाडलेलं,
त्यानेच बुजवून धरलेलं इतकी वर्षं,
गंजत, बारीक होत,
आता पुरेनासा झालेला.
पकडीने ओढला तशी चिळकांडी थेट माझ्या तोंडावर.
शेंडे हसला नाही. चांगला माणूस आहे.

जोड बसला. सहाशे रुपये.
रंगारी म्हणाला, एवढ्यात हात लावू नका, वाळू द्या.
डाग रोज थोडा आत सरकतो,
तेराची रेघ सोडली, नऊची सोडली.

काल डबाभर कुरडया घेऊन वर गेले.
काय बोलायचं ते जिन्यात तीनदा म्हणून पाह्यलं,
वर गेल्यावर भलतंच बोलले.
शरयूताईंनी डबा घेतला, कूलरसमोर बसवलं.
न्हाणीच्या फरशीच्या फटी अजून निळ्या.
ब्रश द्या, घासून देते, म्हटलं.
"राहू द्या," म्हणाल्या, "आता नजरेत बसलं ते."
माफ केलं की नाही, कळलं नाही.

खाली आले. कुलूप काढलं.
किल्ली घेतलेला हात
सवयीने भिंतीकडे गेला
आणि तिथेच थोडा वेळ राहिला.