ढील

पहिल्या दिवशी तिनं बसकण मारली,
एकशे सोळा पायऱ्यांतल्या चौथ्याच पायरीवर.
एरिबेर्तो वरच्या पायरीवर, दोरीच्या दुसऱ्या टोकाला,
ओढू की नको अशा चेहऱ्यानं उभा.
मी पावाच्या दुकानातून पाहत होते.
गिऱ्हाईक नव्हतं. खरं सांगायचं तर होतं,
पण तेही पाहत होतं.

वाल्पाराइसोत कुत्र्यांना कुणी बांधत नाही.
ती टेकडीची असतात, जशी मांजरं पत्र्यांची.
सिग्नलला माणसांबरोबर थांबतात,
थंडीत कुणीतरी जुना स्वेटर चढवतं त्यांच्या अंगावर,
कुणी चढवला ते कळत नाही.
आणि हा म्हातारा घेऊन आला दोरी!
निळी, मासेमारीच्या होडीवरची,
टोकाला स्वतः शिवलेली कातडी मूठ.
"खाली गाड्या फार झाल्यात," तो मला म्हणाला.
मी काही विचारलंच नव्हतं.

एकतीस वर्षं त्यानं टेकडीची लिफ्ट चालवली.
दोन डबे, एक तार.
हा वर आला की तो खाली,
मधोमध ओलांडताना माणसं काचेतून एकमेकांना बघायची,
रोज, ओळख न देता.
यायचंय का, असं तार कधी विचारत नसे.
मग एक दिवस कुलूप लागलं.
दुरुस्तीसाठी, म्हणाले.
फलकावरची अक्षरंही आता दुरुस्तीला आलीत.

पिल्लाचं नाव तुएर्का. म्हणजे नट, बोल्टावर बसतो तो.
रंग गंजाचा,
कान दोन निराळ्या कुत्र्यांकडून उसने आणल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी तिनं दोरी चावून पाहिली.
तिसऱ्या दिवशी त्याच्याच पायांना वेढे घातले
आणि दोघं ओर्तेन्सियाच्या जिरेनियमवर आडवे.
"ओढ की तिला," ओर्तेन्सिया खिडकीतून म्हणाली,
"कोण कुणाला फिरवतंय?"

त्यानं ओढलं.
एकदाच.
गळ्यातून आवाज आला, बारीक, शिट्टीसारखा,
आणि चटका बसावा तशी त्यानं मूठ सोडली.
तुएर्का पळाली नाही.
पायरीवर पडलेल्या दोरीकडे बघत राहिली,
मग त्याच्याकडे, मग पुन्हा दोरीकडे.

त्या संध्याकाळी तो दुकानात आला. शिळा पाव आहे का?
खिशात तुकडे भरले.
एक पायरी, एक तुकडा.
दोरी ताणली की थांबायचं.
बोलायचं नाही, वळायचं नाही,
बंदरातली जहाजं मोजायची, आपल्यालाही कुठं घाई आहे.
सैल झाली की पुढे.
तासाभरात अकरा पायऱ्या.
मी मोजल्या, कारण त्याची जहाजं मोजून संपली होती.

सप्टेंबर होता. पोरं पत्र्यांवर चढून पतंग उडवत होती.
ओर्तेन्सियाचा नातू वरून ओरडला,
"आजोबा, ढील द्या, ढील!"
त्याचा स्वतःचा पतंग विजेच्या तारांत लोंबत होता.

मला आमचा माउरो आठवला. जास्त लिहीत नाही.
खाणीच्या कामावर अंतोफगास्ताच्या बसमध्ये चढताना
मी त्याच्या बॅगेचा पट्टा धरून राहिले होते.
"आई," तो म्हणाला, "पट्टा."

आज सकाळी दोघं वर आली. सगळ्या पायऱ्या.
मागून तीन मोकाट कुत्री, स्वेटरवालं त्यातलंच.
एरिबेर्तो थांबला की तुएर्का थांबे,
आणि तुएर्का थांबली की ती तिघंही,
कुणी न बांधता.

लिफ्टच्या बंद दाराशी तो थांबला.
हात सवयीनं खिशात गेला, किल्लीसाठी,
आणि पावाचा तुकडा घेऊन बाहेर आला.
तो क्षणभर त्या तुकड्याकडे बघत राहिला.
तुएर्कानं वाट पाहिली नाही.

मग मागच्या तिघांनाही द्यावं लागलं.

त्याच्या नावावर नऊ पाव झालेत.
शिळ्याचे पैसे मी घेत नाही,
पण लिहून ठेवते.