पुसू का?

रुस्तावीत पहाटे उणे सात.
बादरी म्हणतो, लॅपटॉपच घे, खातुना,
इंजिनाचा अख्खा आलेख दिसतो त्यात,
चारही सिलिंडर एकाखाली एक,
ठेच लागते तिथे बोट ठेवता येतं.

खरंय.
पण त्याला टेबल लागतं, चार्जर लागतो,
दर वर्षी परवान्याचे पैसे,
आणि तेलकट अंगठा पडला
की स्पेसची पट्टी रुसते.

बाबांचं यंत्र मुठीत मावतं.
काच तडकलेली, वायरीला निळी चिकटपट्टी.
ते एवढंच सांगतं : पी शून्य तीन शून्य दोन.
दुसऱ्या सिलिंडरची ठिणगी चुकते.
का चुकते, ते तुझं तू बघ.

आज अमेरिकेहून आलेली सुबारू, दार चेपलेली.
मुठीतल्याने चार सेकंदांत आकडा दिला;
लॅपटॉप, बादरीचा, अजून अपडेट घेत होता.
मग त्याने दाखवलं :
गाडी तापल्यावरच चूक, गारठ्यात नाही.
कॉइल.
बाबांनीही कॉइलच बदलली असती,
आधी तीन प्लग वाया घालवून.

ठरलं तर.
जुनं विकायचं म्हणून मेमरी उघडली.
आत एकच नोंद,
सतरा मार्चची, कुठल्याशा ओपेलची.
तिचा मालक परत आला नाही,
की आला तेव्हा बाबा नव्हते?

यंत्र विचारतं : पुसू? हो. नाही.
गिऱ्हाईक हॉर्न देतंय.
पडद्याला वीज
त्याच्याच गाडीची.