सातवा रकाना

ओरिसिया ह्नाटियुक, सस्कॅचेवानहून, फोनवर:
हार्वेस्टर मावेल एवढी शेड हवी, बस.
बर्फ किती पडतो?
पडायचा तेवढा पडतो.
मी नकाशात बघून आकडा लिहितो.
वारा?
पश्चिमेचा. कुत्रं बांधून ठेवावं लागतं.
तेही मी आकड्यातच लिहितो.
छताला काही टांगणार?
इंजिन उचलायची साखळी.
मग जरा थांबून: आणि ओस्तापची सायकल.
सायकलीचं वजन आम्ही धरत नाही.

सातवा रकाना: शेजारी याहून उंच काही?

आहे ना. सासऱ्यांचं लाकडी कोठार.
रिकामंच असतं.

मग बाई, त्याच्या माथ्यावरचा बर्फ
वारा उचलून तुमच्या नव्या पत्र्यावर रचणार,
एकाच कडेला, तिप्पट.
कोठार पाडा,
नाहीतर त्या बाजूच्या तुळया जाड घ्या.
पैसे वाढतील.

पलीकडे चमचा कपाला लागतो.
बराच वेळ ढवळत राहतो.

जाडच द्या, ती म्हणते.
मी या घरात आले तेव्हा
कुणी विचारलं नव्हतं
शेजारी उंच काय आहे म्हणून.

मी सातव्या रकान्यात 'होय' लिहितो,
खाली नवी रक्कम.
फोन ठेवता ठेवता ती विचारते,
सायकल लिहिलीत ना?