तिसरा रकाना

पानाचे तीन उभे भाग करायचे, बर्निस डेफो सांगते.
पहिल्यात तो काय म्हणाला,
दुसऱ्यात मी काय म्हणाले,
तिसऱ्यात मला काय वाटलं.
शब्दाला शब्द. नंतर सुधारायचं नाही,
अडखळलीस तिथे अडखळलेलं दिसू दे.

मी सत्तेचाळीस वर्षांची.
डुलूथच्या चढांवर एकोणीस वर्षं शाळेची बस चालवली,
उणे तिसातसुद्धा.
आरशात बघून कळायचं मला
कुठलं पोर काही न खाता आलंय.
त्या कळण्याला तेव्हा नाव नव्हतं.
आता आहे : मूल्यांकन. तीन क्रेडिटचं.
वर्गात शेजारी टोबिन बसतो, तेविशीचा.
'व्यवस्था' हा शब्द तो असा उच्चारतो
की वाटावं, बाई मागच्याच गल्लीत राहते
आणि याच्याकडून उसने नेलेले पैसे देत नाही.

मंगळवार, दुपारी दोन.
व्हर्नर लाहती, वय एक्क्याऐंशी.
लोहखनिजाच्या धक्क्यावर चौतीस वर्षं.
बायको मे महिन्यात गेली. मुलगा फार्गोत, फोनवर.
हीटर बंद. बिल फ्रीजखाली सरकवलेलं,
कोपरा दिसतोय.
घरातच कोट, टोपी,
खिडकीत सरोवर,
आणि त्यावरून येणारं लांबलचक जहाज
पुलाला भोंगा देतं.
पूल भोंग्यानेच ओ देतो, मग वर उचलला जातो.

पहिला रकाना :
"पूल तरी उत्तर देतो."
दुसरा :
"हे सगळं तुम्हाला फार जड जात असेल."
पुस्तकातलं वाक्य, पान एकशे बारा.
दुकानदार खोटं नाणं उलटंपालटं करून बघतो
तसं त्याने माझ्याकडे बघितलं.
तिसरा :

बर्निसने त्या कोऱ्या जागेत
पेन्सिलीने एक खुर्ची काढून वही परत दिली.

पुढच्या खेपेला त्यानेच विचारलं,
"याचे तुला किती मिळतात?"
"काही नाही. उलट मीच भरते. नऊशे तास काढायचे आहेत."
त्याने चमचा खाली ठेवला.
"माझ्या गारठलेल्या स्वयंपाकघरात बसायला
तू पैसे देतेस?"
"हप्त्याने," मी म्हणाले.

हसला. खोकला, पुन्हा हसला,
टोपी काढून डोळे पुसले,
आणि टोपीखाली चपटे बसलेले पांढरे केस
थेट माझ्या वडिलांचे.

ते माझ्या बसच्या रस्त्यावरच राहायचे.
थांबा नसेल तिथे गाडी थांबवायची नाही, असा नियम.
वळणावर मी दोनदा हॉर्न द्यायचे,
ते दाराबाहेरचा दिवा लावून विझवायचे.
आमचं तेवढंच बोलणं, सबंध हिवाळाभर.
एका गुरुवारी दिवा लागला नाही.
बसमध्ये एकतीस मुलं होती.
मी त्यांना शाळेत सोडलं,
रांग मोजली,
एकाचा हातमोजा सीटखाली सापडला तो नेऊन दिला,
आणि मग गेले.

हे मी व्हर्नरला सांगितलं नाही.
सांगायचं नसतं, सीमारेषा असतात,
त्यांचाही एक धडा आहे.
फ्रीजखालचं बिल मात्र त्याने स्वतःच ओढून काढलं.
इंधनमदतीचा अर्ज, सात पानं.
सातव्या पानावर 'अर्जदाराशी नातं' असा चौकोन.
'विद्यार्थिनी' असं लिहिलं
आणि कार्यालयाने तो अर्ज परत पाठवला.
दुसरा भरला.

रात्री वही उघडून तिसऱ्या रकान्यात लिहीत गेले,
दिवा, हॉर्न, हातमोजा,
समास ओलांडून मागच्या पानावर.
बर्निसने वाचलं. एकच प्रश्न :
"मुलं मोजलीस तेव्हा एकतीसच होती ना?"
होती, म्हटलं.
तिने मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघत बसली,
माझे तास संपेपर्यंत.

काल गाडी लावताना
हात आपोआप हॉर्नवर गेला. दोनदा.
वरची खिडकी धाडकन उघडली.
"म्हातारा झालोय, बहिरा नाही!"
पहिल्या रकान्यात हे शब्दाला शब्द आहे.
दुसऱ्यात मी काहीच म्हणाले नाही.