मोजा

हिऊमा बेटावर नोव्हेंबरात
दुपारी साडेतीनलाच दिवे लागतात.
हेल्वेच्या दुकानाला दार नाही, पाटी नाही.
भाच्याने करून दिलेलं एक पान आहे पडद्यावर,
बावीस हातमोजे, सहा टोप्या,
आणि वर कोपऱ्यात एक इवलं कुलूप.

"आकडे थेट बँकेकडे जातात, मावशी,
तुझ्या उंबऱ्याला त्यांचे पायही लागत नाहीत.
तुला दिसतील फक्त शेवटचे चार,"
राइदो म्हणाला होता. "बाकी ठिपके."
ते तिला आवडलं होतं.
बर्फावरून कुणी चालत जावं
आणि चारच पावलं उमटलेली राहावीत, तसं.

मग कोत्काहून पत्र आलं.
तुओमो हक्कारायनेन, वय एक्याऐंशी,
बंदरावर क्रेन चालवायचा.
यंत्रावर माझा विश्वास नाही, त्याने लिहिलं होतं,
(आयुष्यभर क्रेन चालवून!)
माणसांवर आहे.
उजवा हात सुजतो, तो मोजा जरा सैल विणा.
आणि खाली, शाळकरी वळणदार अक्षरात,
सोळाच्या सोळा आकडे,
कार्डाची मुदत,
पाठीमागचे तीनसुद्धा.

हेल्वेने पत्र पालथं घातलं.
सौनात माणूस उघडा दिसतो, त्याचं काही नाही.
हे वेगळं.
तिने त्याला फोन केला, दोनदा, मोठ्याने:
बँकेत जा, तिथून भरा, असं पुन्हा कुणाला लिहू नका.
मग सौनाच्या भट्टीत पत्र सरकवलं
आणि राख झाली तरी
सळईने ढवळत बसली.

पण चाळीस वर्षं टाके मोजलेली बाई ती.
एकदा पाहिलेला आकडा
तिच्यातून जात नाही.

तिसऱ्या संध्याकाळी, उजव्या मनगटाशी,
सुई थांबली.
निळे इतके, पांढरे इतके, पुन्हा निळे,
आणि जिथे काहीच नसायला हवं
तिथे एकटा तांबडा टाका, शून्यासाठी.
तिने ओळ बोटाने वाचली.
मोजता मोजता मोज्यात उतरला होता तो,
सगळा, मुदतीसकट.
पोटात ठेवलेलं
बोटांनी सांगून टाकलं होतं.

कोण वाचणार होतं?
शेजारची ओइये म्हणाली असती, नवी नक्षी वाटतं.
पण राइदो फोटो काढतो,
फोटो पानावर जातो,
आणि मोजता येणारे हात
जगात आणखीही असतील.
(आकडे मी इथेही लिहिणार नाही.
किती निळे, विचारू नका.)

तिने उसवलं.
उसवलेली लोकर कुरळी राहते,
आधी काय होती ते धरून ठेवते.
म्हणून कोमट पाण्यात बुचकळायची,
खुंटीला टांगायची,
खाली वजन बांधायचं.
रात्रभर ती स्वयंपाकघरात थेंब थेंब विसरत राहिली.
हेल्वे अंथरुणात जागी.
तिला कुठे टांगणार?

मोजे गेले. साधे, करडे, उजवा सैल.
पैसे बँकेतून आले.

नाताळात तुओमोचं पोस्टकार्ड आलं.
उघडं. टपालवाल्याच्या हातातून तिच्या हातात.
तिने आधी मजकुरावर अंगठा ठेवला,
मग जरासा सरकवला:
हात उबदार आहेत.
पुढच्या ओळीवरून अंगठा काढायला
तिने बराच वेळ लावला.