उघाडी

अकरावी ब चं प्रॅक्टिकल. ऐरोली, दुसरा मजला.
मिठाचं द्रावण मी सकाळीच करून ठेवतो,
पाच टक्के, तोलून.
पोरांना वाटतं घरतकाका नुसत्या काचा धुतात.

रिओच्या पानाची पाठ जांभळी.
तिचा पापुद्रा ब्लेडनं सोलायचा,
वर थेंब, वर काच, बुडबुडा न अडकवता.
मग भिंगाखाली जांभळं आकसत जातं,
कडेपासून सुटतं,
भरल्या घरात कुणी रुसून मधल्या खोलीत जावं तसं.

"भिंत सरकली?" सोनकुसरेची इशिता विचारते.
भिंत तिथंच आहे, मॅडम म्हणतात. सुटलं ते पटल.
फळ्यावर दोन रांगा काढतात:
डोकी पाण्याकडे, शेपट्या आत.
शेपट्यांना पाण्याचं वावडं,
तेवढ्यावरच सगळं उभं. खिळा नाही, टाका नाही.
रांगेतली शेजारीण क्षणाक्षणाला बदलते
आणि तरी आतलं आत राहतं.
मधेमधे प्रथिनांची दारं,
आणि एक पंप:
तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत,
रात्रंदिवस.
"आणि बाहेरचं मीठच कमी झालं तर?"
घंटा होते.

मागच्या मे महिन्यात, वाशीला,
आई मला म्हणाली, "तू कोन रं?"
डॉक्टर म्हणाला, सोडियम एकशे नऊ,
मेंदूच्या पेशींत पाणी शिरतंय.
मला हसू आलं, तिथं, लिफ्टसमोर.
नामीबाय घरत,
जिच्या टाचांच्या भेगांत मिठागर चाळीस वर्षं पांढरं बसलंय,
तिला मीठ कमी पडलं.

म्हटलं, मग सोडा ना बाटली मोकळी.
तो म्हणाला, नाही. घाई केली
तर पाणी उलटं पळेल, आणि गेलेलं मग येत नाही.
तासाला वीस मिली.
रात्रभर मी यंत्राचा हिरवा आकडा बघत बसलो.

सात वर्षांचा होतो,
उघाडीची फळी एकदम उचलली.
खाडी आत धावली, वाफ्यांचे बांध वाहून गेले.
तिनं मारलं नाही.
माझ्या हातावर हात ठेवून फळी बोटभर वर घेतली:
"हलू सोर. पानी हलू सोर."

पहाटे तिनं विचारलं, नळाला पानी आलं का.
मला मात्र अजून कधी कधी
तिच्या भावाच्या नावानं हाक मारते. मी ओ देतो.

वर्ग रिकामा झाला की
काच धुण्याआधी एका कडेनं साधं पाणी सोडतो,
दुसरीकडून टिपकागद.
जांभळं हळूहळू भिंतीला टेकतं.
सगळ्या पेशी भरत नाहीत.
दोनतीन तशाच, आकसलेल्या.
त्याही बघतो.
मग क वर्गाची चप्पल वाजते जिन्यात.