उघाडी

नेरुळच्या कॉलेजात, चौथ्या मजल्यावर
मी नेतृत्व शिकवते. सोमवारी आणि गुरुवारी, जेवणानंतर;
म्हणजे निम्मा वर्ग पेंगत असतो.
फळ्यावर सिद्धांत, डावीकडून उजवीकडे :
नेता जन्मावा लागतो.
नेता घडवता येतो.
नेता प्रसंग ओळखून वागतो.
एक नेता देतो, घेतो, हिशेबाला पक्का.
एक माणसं आतून पालटतो.
आणि शेवटच्या चौकोनात, परीक्षेला हमखास येणारा,
सेवक होऊन पुढे चालणारा.

उदाहरण द्या म्हटलं की तीच चार नावं येतात,
ज्यांचे चौक आहेत, ज्यांच्या सुट्ट्या आहेत.

त्या गुरुवारी मागच्या बाकावरून दर्शना वैती म्हणाली,
मॅडम, पदाजी भोपी चालेल का?
कोण?
मिठागर युनियनचे. आमच्या करावे गावातले.
चौक नाहीये त्यांचा.

वही आणली होती तिनं, खाऱ्या हवेनं फुगलेली,
बांधणीचा दोरा गंजाच्या रंगाचा.

पदाजी उघाडीवरचा राखणदार.
भरतीला झडप लावायची, ओहोटीला सोडायची,
रात्री-बेरात्री, तिथीच्या हिशेबानं.
भाषण जमत नसे. 'म'वर जीभ अडकायची
आणि सगळा लढा तर 'म'चाच :
मीठ, मजुरी, माप, मालक.

मालकाची टोपली दर हंगामाला बोटभर वाढत गेलेली.
पदाजीनं भर सभेत
जुनी टोपली उचलून नव्या टोपलीत ठेवली.
ती आरामात आत बसली.
एवढंच भाषण.
अकरा दिवस एकही फावडं हललं नाही.

मी फळ्यावर खडूनं खूण केली, प्रसंगाच्या चौकोनात.
मग सेवकाच्याही, अर्धी.

पुढं वाचू? दर्शनानं विचारलं.

पुढं जमिनीचे कागद आले. शहर यायचं होतं.
पदाजी म्हणाला, सह्या करा,
पोरांना नोकऱ्या लागतील, साहेबानं शब्द दिलाय.
एकशे सदतीस घरांनी सह्या केल्या, अंगठे उठवले,
पदाजीकडं बघून. कागदाकडं नव्हे.
शब्द कागदावर नव्हताच.

वहीचं शेवटचं पान म्हणजे घरांची यादी.
रोज संध्याकाळी चार घरं, कधी पाच.
चपला बाहेर, उंबऱ्याच्या अलीकडं उभा,
आणि एकच वाक्य :
माजा चुकला.
पहिलंच अक्षर 'म'.
एकेका दारात ते सुटायला किती वेळ लागला असेल
ते वहीत नाही.
कुणी शिव्या दिल्या, कुणी पाट दिला,
एकीनं मूठभर सुका जवळा बांधून दिला, न बोलता.
प्रत्येक नावापुढं बारीक खूण.

एकशे छत्तीस खुणा.
एका नावापुढं नुसत्या तारखा,
समास संपला म्हणून उभ्या, मग आडव्या,
नऊ वर्षांच्या.

हा आमचा आजा, दर्शना म्हणाली,
आणि तिची वर्गातली भाषा सुटली :
त्यानी दार उघरला नाय.
कडीवर हात ठेवून आत बसायचा.
बाहेर पदाजी म, म, म करत राहायचा
आणि आजा ते वाक्य आतून पुरं करायचा,
ओठांतल्या ओठांत,
बाहेर जाणार नाही असं.

वर्ग जागा होता.
खिडकीतून पाम बीचचा रस्ता दिसत होता,
त्याच्याखाली कुठंतरी ती उघाडी गाडलेली असेल,
झडप लावलेली की सोडलेली,
कोण सांगणार.

मॅडम, दर्शना म्हणाली, पंधरा मार्कांचा प्रश्न आहे,
कुठल्या सिद्धांतात बसवू?

मी फळ्याकडं पाहिलं. डस्टर हातात होतं.
मला माहीत नाही,
एवढं म्हणायचं होतं.
'म'वर अडकले.
घंटा झाली तरी अडकलेलीच होते.